हायड्रोजनच्या गाडीला आग लागली तर अग्निशमन जवानांना वेगळं प्रशिक्षण लागतं का?

हो, लागतं. एलपीजीची सवय असलेल्या जवानाला तर काही जुन्या सवयी सोडाव्या लागतात. एलपीजी जड असतो, जमिनीलगत साचतो आणि मुद्दाम मिसळलेल्या वासाने कळतो. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे 14 पट हलका आणि बिनवासाचा. बंद जागेत तो छताखाली जमतो. हवेतलं त्याचं प्रमाण 4 ते 75 टक्क्यांच्या दरम्यान असलं की क्षुल्लक ठिणगीही पुरते.

सगळ्यात फसवी असते ती ज्वाळा. दिवसा ती जवळपास दिसतच नाही आणि तिची धगही दुरून फारशी जाणवत नाही. म्हणून उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यातून बघितल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. (नासातले लोक पूर्वी चक्क झाडू पुढे धरून चालत. झाडू पेटला की तिथेच थांबायचं!)

गळती बंद करता येत नसेल तर ज्वाळा विझवायची नाही. वायू साचून स्फोट होण्यापेक्षा तो जळून गेलेला बरा. पाणी मारायचं ते आजूबाजूच्या वस्तूंवर. गाडीच्या टाकीत 700 बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे 700 पट, दाब असतो आणि सुमारे 110 अंश सेल्सिअसला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून वायू बाहेर सुटतो. त्या व्हॉल्व्हवरच फवारा मारून तो थंड केला तर तो वेळेवर उघडणार नाही.

व्हॉल्व्हमधून सुटणाऱ्या वायूच्या झोताचा आवाज मात्र वर्गात बसून कळत नाही. फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या अग्निशमन अधिकाऱ्यांच्या संस्थेत ‘हायरिस्पॉन्स’ या युरोपीय प्रकल्पात म्हणूनच प्रत्यक्ष सरावावर भर होता.