‘माझी कुवतच नाही का?’

प्रश्न : आमच्या घरातून विद्यापीठापर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. शाळेत बाई सांगतील तेवढं पाठ केलं की चांगले गुण पडायचे. इथे सर विषयाची तोंडओळख करून देतात, चार संदर्भग्रंथ सुचवतात आणि पुढे जातात. मी तासन्‌तास वाचते, तरी परीक्षेत काही आठवत नाही. बाकीच्यांना सगळं आधीच ठाऊक असावं असं वाटतं, म्हणून वर्गात तोंड उघडत नाही. माझी कुवतच नाही का?

उत्तर : कुवत नसती तर इथवर आलीच नसतीस. संदर्भग्रंथ पहिल्या पानापासून वाचायचा नसतो, अनुक्रमणिकेतून हवं ते प्रकरण गाठायचं असतं. सरांना वर्गाबाहेरही भेटता येतं. शिकलेल्या घरांतल्या मुलांच्या कानावर हे आधीच पडलेलं असतं, तुझ्या पडलं नाही. (आणि वर्गात माना डोलावणाऱ्या सगळ्यांना कळलेलं असतं, या भ्रमात राहू नकोस.)

घोडं पेंड खातंय ते तुझ्या नुसत्या वाचत राहण्यात. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचा एक गट चारही सत्रांत उतारा वाचत राहिला. दुसऱ्याने पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तिन्हींत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१.

तेव्हा अभ्यासक्रमातल्या प्रत्येक मुद्द्याचा आधी प्रश्न कर. ‘मागणीची लवचिकता’ (म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते) असं लिहिलेलं असेल, तर ‘भाव वाढला तरी औषधाची मागणी फारशी का घटत नाही, चैनीच्या वस्तूची का घटते?’ उत्तर शोधत वाच, पुस्तक मिटव, कोऱ्या कागदावर लिही. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल शाईने भर. दोन-तीन दिवसांनी पुन्हा, नव्या कागदावर. सुरुवातीला कागद लालच लाल दिसेल आणि वाचनच बरं होतं असं वाटेल. तरी सोडू नकोस.

हाच कागद घेऊन सरांकडे जा. ‘सर, धडा समजला नाही’ म्हटलंस तर ते तरी कुठून सुरुवात करणार? ‘औषधाचं कळलं, पण त्याच औषधाला स्वस्त पर्याय आला तर लवचिकता का वाढते, तिथे अडले’ असं विचार. भरवर्गात जमत नसेल तर तास संपल्यावर, नाहीतर दोन ओळींचा ईमेल.

आत्मविश्वास आला की विचारेन, असं ठरवून बसू नकोस. स्वतः काही करून दाखवल्याच्या अनुभवातून तो सगळ्यात पक्का होतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. म्हणून आठवड्याला एकच मुद्दा घे, पण तडीस ने. मैत्रिणींबरोबर जरूर बस. मात्र प्रत्येकीने आपला कागद आधी एकटीने लिहून आणायचा, नाहीतर एक बोलते आणि बाकीच्या ऐकतात.