पूरग्रस्तांना मदत करणारे ख्रिस्ती स्वयंसेवक धर्मांतरासाठीच येतात का?

नाही. मिरजेत वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना काढला. तेव्हापासून किती पिढ्यांनी तिथं उपचार घेतले! मग मिरज ख्रिस्ती झाली का? आम्ही ख्रिस्ती आजही मूठभरच आहोत.

पण प्रश्न झोंबला, कारण हाच वाद मी आमच्या चर्चमधल्याच माणसांशी घातलाय.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर आमचा तरुण संघ फावडी, खराटे, ब्लीचिंग पावडर घेऊन गावभागात गेला. गाळ ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की फरशी सोडत नाही. गाद्यांनी इतकं पाणी प्यालेलं की एकेक गादी उचलायला चौघं लागायचे. एका आजींचं देवघर गाळानं भरलेलं. आम्ही बाहेरच थांबलो, ‘हात लावला तर चालेल का?’ विचारलं. ‘लावा की रे, विचारता काय!’ म्हणाल्या. आमच्यातल्या एकानं देव बादलीत धुऊन पाटावर मांडले. कुठली पोरं, असं त्यांनी विचारलं तेव्हा ‘चर्चची’ एवढंच सांगितलं.

ही गोष्ट आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत पोचली आणि चर्चचा कारभार बघणारे एक पंच भडकले. शिध्याच्या पिशव्यांत शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) चोपड्या घाला म्हणून त्यांनी निघतानाच धरणं धरलेलं, आम्ही ऐकलं नव्हतं. आता म्हणाले, ‘येशूची साक्ष द्यायची संधी घालवलीत आणि वर मूर्ती धुतल्यात!’

मी त्यांना बायबलमधला शमरोन्याचा दाखला काढून दाखवला. शमरोनी म्हणजे यहुद्यांना परके वाटणारे, वेगळ्या डोंगरावर उपासना करणारे लोक; दाखल्यात अशा एकाला वाटेत लुटारूंनी घायाळ केलेला माणूस भेटतो. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमीला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेलं, खर्चाचे पैसे भरले. तू कुठल्या डोंगरावर उपासना करतोस, हे विचारलं का? हा दाखला खुद्द येशूनं सांगितलाय. पंचांना अजून पटलेलं नाही, मीही मागं हटलेलो नाही.

श्रद्धेचा संबंधच नाही, असं मात्र समजू नका. भुकेल्याला दिलं ते मला दिलं, हे बायबलमधलं, मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वचन लहानपणापासून कानावर नसतं तर त्या चिखलात मी उतरलो असतो की नाही, सांगता येत नाही.

आणि सगळेच गट आमच्यासारखे वागतात, असंही म्हणत नाही. शिध्याबरोबर प्रार्थनासभेचं आमंत्रण देणारे असतात. मला ते साफ चूक वाटतं, कारण घर वाहून गेलेला माणूस ‘नाही’ म्हणायच्या अवस्थेत नसतो. तुमच्या गावात कुणी असं केलं तर तोंडावर विचारा. ते आमच्यातले असले तर जरूर विचारा, म्हणजे निदान आमच्या पंचांना बाहेरच्या माणसाकडून तरी ऐकावं लागेल.