मुख्याध्यापक बदलले की शिक्षकांचा उत्साह खरंच बदलतो का?

हो, बदलतो, आणि मुख्याध्यापक प्रत्यक्ष शिकवण्यात किती लक्ष घालतात यानं सगळ्यात जास्त फरक पडतो. शिक्षण-संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आधीच्या अभ्यासांची एकत्रित छाननी केली. त्यात शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि स्वतः त्यात उतरणं, याचा मुलांच्या शिकण्यावरचा परिणाम सर्वाधिक निघाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या मोठ्या बाई तासभर मागच्या बाकावर बसतात आणि मधल्या सुट्टीत एवढंच म्हणतात, "अपूर्णांकाला भाकरी आणलीस ते झकास, पण दाराकडच्या पोरांना फळा चमकतो." दुसऱ्या दिवशी बाकं सरकतात. पाठाच्या तयारीच्या टाचणवहीवर नुसती सही मारणारे मुख्याध्यापक असले, की टाचणही सहीपुरतंच निघतं!

एक अडचण मात्र आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीचा पट १५० च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. बाकी ठिकाणी पदभार एखाद्या शिक्षकाकडेच. स्वतःचा वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरता भरता दुसऱ्याच्या वर्गात बसायला त्यांना सवड मिळत नाही.