गल्लीतला वेग कशाने कमी होतो?

प्रश्न : ताई, आमची गल्ली कोथरूडमधली, तीस फुटी. दोन मोठ्या रस्त्यांना जोडते, त्यामुळे सिग्नल चुकवायला सकाळ-संध्याकाळ स्कूटर आणि कॅबची रीघ लागते. नातू सायकल शिकतोय, पण त्याला एकट्याला खाली पाठवायची हिंमत होत नाही. सोसायट्यांनी वर्गणी काढून रबरी गतिरोधक बसवले होते, ते उखडले. आता काही जण म्हणतात, गल्ली एकेरी करून घेऊ. तुमचं मत?

उत्तर : एकेरीचा विचार सोडा. समोरून कोणी येणार नाही अशी खात्री असली की हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळतो. शिवाय ज्याचं घर चुकीच्या टोकाला आहे, तो उलटा येणारच. रस्ते विभागात असताना एकेरी केलेल्या गल्ल्यांतून पुढचा अर्ज हटकून गतिरोधकाचाच यायचा.

तर गतिरोधक. बोल्टने ठोकलेले रबरी तुकडे सुटतात, बोल्ट तेवढे वर राहतात आणि सायकलचे टायर फाडतात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरला अलगद ओलांडता येईल असा. म्हणजे चांगला बारा फूट! आपल्याकडचा दोन फुटांत संपतो. मणका तेवढा हलवतो आणि गाडी पुढे लगेच सुसाट.

ताशी ५० ने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते, ३० ने येणारी आठ. चेंडूमागे धावणारं मूल दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण सेकंद जातोच. म्हणून गल्लीत तीसच्या आत राहायला भाग पाडायचं, एवढंच उद्दिष्ट धरा. पाटी लावून ते होत नाही. रस्ता सरळ आणि मोकळा दिसला की माणूस पळवतो, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

गल्लीच्या दोन्ही तोंडांशी जाऊन उभे राहा आणि माती, पाला कुठे साचलाय ते बघा. चाकं जिथे फिरकत नाहीत तिथेच तो साचतो. वळणावरची तेवढी जागा वाहनांना लागतच नाही, तिथे फुटपाथ पुढे घेता येतो. कोपरा काटकोनाजवळ आला की वळणारी गाडी हळू होते, आणि ओलांडायचं अंतरही घटतं. वाहतूक शाखेला विचारून एखाद्या रविवारी नवा कोपरा फक्कीने आखा, त्यावर कुंड्या ठेवा. अग्निशमनची गाडी वळते का, ते तेव्हाच कळेल. त्याच तोंडाशी टेबल टॉप, म्हणजे फुटपाथच्या उंचीचा, वरून सपाट असा रुंद उंचवटा मागा. आत शिरणारा चढून येईल आणि चालणारा सपाट जाईल.

आता कडू गोष्ट. तीस फूट म्हणजे नऊ मीटर. दोन्हीकडे कारच्या रांगा लावल्या तर त्यातले चार गेले. फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, तो दोन्हीकडे धरला तर आणखी साडेतीनच्या वर. उरलं काय? तेव्हा पार्किंगची एक बाजू सोडायला सोसायट्या तयार आहेत का, हे आधी बैठकीत ठरवा. बहुतेक अर्ज इथेच मरतात, महापालिकेपर्यंत पोचतही नाहीत. तयार असतील तर अर्ध्या गल्लीत डावीकडे आणि पुढच्या अर्ध्यात उजवीकडे पार्किंग मागा. तारखेप्रमाणे बाजू बदलणारं पी-१, पी-२ नको. त्याने रस्ता सरळच राहतो. मध्ये वळसा पडला की स्कूटरलाही वेग आवरावा लागतो.

मधोमध खांब रोवून आरपार वाहतूक बंद करा, असंही कोणी सुचवेल. कार थांबतील, स्कूटर नाही. व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटर त्यातून निघतेच, आणि तुमचा त्रास मुख्यतः स्कूटरचा दिसतो.

फुटपाथवरून कोणी का चालत नाही, तेही पाहा. प्रत्येक सोसायटीने गेटसमोर फुटपाथ कापून गाडीचा उतार केलेला असतो. आजीबाईंनी दर पन्नास पावलांवर उतरायचं-चढायचं कशाला? त्या रस्त्यावरूनच चालतात. फुटपाथ सलग सपाट ठेवून उतार फक्त कडेला द्यायचा, चढायचं ते गाडीने. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथ हा पादचाऱ्यांचा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातला हक्क मानला आहे. अर्जात हे वाक्य घाला, पण गेटसमोरच्या स्वतःच्या कुंड्या आधी हलवा.

अर्ज दोन करा. कोपरे, टेबल टॉप, फुटपाथ यांचा महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला. पार्किंगचा वाहतूक शाखेला. एकाच कागदावर सगळं लिहिलंत तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील.

प्रश्न : आमच्या कॉलनीत हिरवा रंग मारून सायकल मार्ग आखून घ्यावा का?

उत्तर : कॉलनीच्या रस्त्यावर नको. त्या पट्ट्यावर संध्याकाळपर्यंत गाड्या उभ्या राहतील. वेग तीसच्या आत आला की सायकलला वेगळी जागा लागत नाही. वेगळा मार्ग जिथे बस धावतात त्या मोठ्या रस्त्यावर मागा, आणि तिथेही रंगाचा नको, कर्ब, म्हणजे उंच कड घालून वेगळा केलेला मागा.