आकडा तुम्ही टाकू नका

प्रश्न : ताई, माझा पीएचडीचा प्रबंध मराठीत आहे. सहा प्रकरणं, पावणेतीनशे पानं. वर्डमध्ये १, १.१, १.१.१ असे क्रमांक हवेत. पहिली दोन प्रकरणं नीट आली, पण तिसऱ्यात ३.१ च्या जागी पुन्हा १.१ सुरू होतं आणि मध्येच इंग्रजी आकडे येतात. सरांना नुसता आकडा नको, 'प्रकरण ३' असं हवं. परिशिष्टांना अ, ब, क. शेवटी वैतागून सगळे आकडे हाताने टाकायला घेतलेत. चालेल ना?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नाही चालणार. आधी हात थांबवा.

२००८ साली एका प्राध्यापकांचा प्रबंध माझ्याकडे टायपिंगला होता. आकडे सगळे हाताने टाकलेले. मी गोदरेजच्या टाइपरायटरवर शिकलेली बाई. आकडा म्हणजे तोही एक अक्षरच, अशी माझी तेव्हाची समजूत. बायंडिंगच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या गाइडनी दुसऱ्या प्रकरणानंतर एक नवं प्रकरण घालायला लावलं. झालं, तीनचं चार, चारचं पाच. पहाटे डोळे मिटायला लागले तेव्हा मी फाइंड-रिप्लेस लावला, ३.२ च्या जागी ४.२. सगळं कसं झटकन झालं! बायंडिंग होऊन प्रती हातात आल्यावर कळलं की एका तक्त्यातल्या '३.२ टक्के'चेही ४.२ टक्के झालेत. चारही प्रतींमधलं ते पान ब्लेडने कापून नवीन चिकटवलं. तेव्हापासून शीर्षकाचा आकडा मी टाइप करत नाही.

आता तुमचं दुखणं. तिसरं प्रकरण तुम्ही वेगळ्या फाइलीत लिहून इथे आणून चिकटवलंत, बरोबर? प्रत्येक फाइल आपली स्वतःची यादी घेऊन येते. वर्डच्या लेखी त्या दोन वेगळ्या याद्या आहेत, म्हणून दुसरी पुन्हा एकपासून मोजते. शिवाय तुम्ही प्रत्येक शीर्षकावर जाऊन क्रमांकाचं बटण दाबलंय. ते बटण किराणा मालाच्या यादीला ठीक. प्रबंधात क्रमांक शीर्षकाच्या स्टाइलला, म्हणजे वर्डमधल्या 'हेडिंग वन', 'हेडिंग टू' अशा तयार साच्यांना, बांधायचा असतो. मग हेडिंग वन म्हटलं की आकडा आपोआप येतो, आणि प्रकरण कापून दुसरीकडे नेलं तरी मागचे-पुढचे सगळे आकडे आपणहून सरकतात.

म्हणून पहिलं काम, प्रकरणाच्या नावांना हेडिंग वन, मुद्द्यांना हेडिंग टू, उपमुद्द्यांना हेडिंग थ्री लावा. कंट्रोल-ऑल्ट धरून १, २, ३ दाबलं की लागतात. मग पहिल्या प्रकरणाच्या नावात कर्सर ठेवा. होम टॅबवर बुलेट, क्रमांक आणि त्यांच्या शेजारी पायऱ्या-पायऱ्यांचं चित्र असलेलं तिसरं बटण आहे, ते उघडा. तिथे खाली 'डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट' मिळेल. उघडल्यावर लगेच 'मोर' दाबा. हे बटण न दाबल्यामुळेच निम्मे लोक अडतात, कारण खरी गोष्ट त्याच्या मागे लपलेली आहे : 'लिंक लेव्हल टू स्टाइल'. डावीकडे १ निवडा आणि तिथे हेडिंग वन. २ निवडा, हेडिंग टू. अशा नऊ पायऱ्या असतात; तुम्हाला तीन पुरेत.

आता सरांचं 'प्रकरण ३'. त्याच खिडकीत 'एंटर फॉरमॅटिंग फॉर नंबर' नावाचा चौकोन आहे. त्यातला आकडा करड्या रंगाच्या पट्टीवर दिसेल. ती पट्टी जिवंत आहे, तिला पुसू नका. तिच्या आधी 'प्रकरण' आणि एक स्पेस टाइप करा, बस. पट्टी पुसून तिथे स्वतः ३ लिहिलात, तर सहाच्या सहा प्रकरणं 'प्रकरण ३' होतील. माझ्याकडे अशी फाइल आली होती, हसू नका.

मुद्द्यांच्या पायरीवर '१.१' यायला हवं, म्हणजे प्रकरणाचा आकडा आधी आणि मुद्द्याचा नंतर. पहिला आकडा 'इन्क्लूड लेव्हल नंबर फ्रॉम'मधून आणा, टिंब आपण टाइप करायचं. वर 'प्रकरण' हा शब्द असला तरी खाली फक्त त्याचा आकडा येतो, तेव्हा '३.१'ला काही धक्का लागत नाही.

देवनागरी आकडे 'नंबर स्टाइल फॉर धिस लेव्हल'च्या यादीत खाली खाली जाऊन सापडतात. दिसलेच नाहीत तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे जाऊन भाषा जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. माझ्या मशीनवर मराठी आणि हिंदी दोन्ही जोडलेल्या आहेत. प्रत्येक पायरीला ही निवड वेगळी करावी लागते. आणि 'लीगल स्टाइल नंबरिंग' असा एक डबा आहे, त्यात टिकची खूण असेल तर काढा. ती खूण त्या पायरीच्या क्रमांकातले सगळे आकडे साध्या इंग्रजी आकड्यांत आणते. मध्येच इंग्रजी आकडे येण्याचं हे एक कारण. दुसरं कारण जुन्या फाँटचं. काही जुन्या मराठी फाँटमध्ये आत इंग्रजी आकडाच असायचा, फक्त चेहरा देवनागरी. तसा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वत्र चालणाऱ्या मराठी अक्षरांत, आणला की मुखवटा गळून पडतो.

परिशिष्टांसाठी एक जुनी युक्ती. त्याच यादीतली सातवी पायरी हेडिंग सेव्हनला जोडा, चौकोनात 'परिशिष्ट' लिहा आणि आकड्यांऐवजी अक्षरं निवडा. प्रबंधात सातव्या पायरीपर्यंत कोणी जात नाही, ती आपल्याला फुकट मिळते. अनुक्रमणिका करताना मात्र तिच्या 'ऑप्शन्स'मध्ये हेडिंग सेव्हनसमोर १ लिहा, म्हणजे परिशिष्टं प्रकरणांच्या रांगेत बसतील. अडचण एकच : वर्डकडे देवनागरी अक्षरांचा क्रम आहे, पण तो वर्णमालेचा. आपला शाळेतला अ, ब, क, ड त्याला ठाऊक नाही. सरांना क, ख, ग चालतं का विचारा. नाहीच चालत म्हणाले, तर परिशिष्टं तीन-चारच असणार. तेवढी अक्षरं हाताने टाका आणि सातव्या पायरीचं नंबरिंग काढून टाका. मघाशी काय बजावलं ते लक्षात आहे माझ्या. तीन अक्षरांपुरता अपवाद करते.

राहिले तुम्ही हाताने टाकलेले आकडे. ते आता दोनदा दिसतील, '३.१ ३.१ प्रस्तावना' असे. कंट्रोल-एफ दाबून डावीकडची नॅव्हिगेशन पट्टी उघडा, 'हेडिंग्ज'वर जा, एकेका शीर्षकावर टिचकी मारा आणि जादाचा आकडा उडवा. इथे फाइंड-रिप्लेस नको. का, ते वर सांगितलंय. आणि यापुढे दुसऱ्या फाइलीतून मजकूर आणाल तेव्हा 'कीप टेक्स्ट ओन्ली' करून चिकटवा.

प्रश्न : मी सोसायटीचा सेक्रेटरी. आमची अंतर्गत नियमावली वर्डमध्ये आहे, तिला आपोआप क्रमांक आहेत. यंदा पार्किंगचा एक नियम मध्ये घातला. क्रमांक छान सरकले, पण मजकुरात 'नियम १४ पाहा' असं जिथे जिथे होतं तिथे १४ च राहिलं. आता १४ म्हणजे पाळीव प्राणी. पार्किंगचा दंड विचारायला येणारा कुत्र्याच्या पट्ट्याचा नियम वाचतो!
— डोंबिवली

उत्तर : तो '१४' तुम्ही टाइप केलाय, काका. तिथे टाइप केलेला आकडा खोडा, रेफरन्सेस टॅबवर 'क्रॉस-रेफरन्स' उघडा, वर 'नंबर्ड आयटम' निवडा. तुमचे सगळे नियम यादीत दिसतील, हवा तो धरा. शेजारच्या 'इन्सर्ट रेफरन्स टू'मध्ये 'पॅरेग्राफ नंबर' निवडून 'इन्सर्ट' दाबलंत की नुसता क्रमांक बसेल. उपनियमाकडे बोट दाखवायचं असेल तर 'फुल कॉन्टेक्स्ट'वालं निवडा, म्हणजे वरच्या नियमाचाही क्रमांक सोबत येतो.

हे आकडे लगेच बदलत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा. नियम घातला, काढला, हलवला की कंट्रोल-ए करून एफ-नाइन दाबायचं. आणि सभासदांना वाटण्याआधी 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' हे शब्द शोधा. ज्या नियमाकडे बोट होतं तोच खोडला की वर्ड हे वाक्य ठळक अक्षरांत छापतं. वार्षिक सभेत सगळ्यात आधी तेच कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार.

प्रश्न : शीर्षक साधं आहे, पण त्याच्या पुढचा क्रमांकच बोल्ड आणि लाल येतो. निवडायला गेलं तर निवडलाही जात नाही.
— सांगली

उत्तर : निवडला जाणारच नाही, कारण तो मजकूर नाहीच. क्रमांक आपलं रूप परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेकडून घेतो. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा, ओळीच्या शेवटी उलट्या 'पी'सारखी खूण दिसेल. कधीतरी ती ओळ लाल केली असणार, मग अक्षरं परत काळी केलीत, खूण तशीच लाल राहिली. फक्त ती खूण निवडा आणि कंट्रोल-स्पेस दाबा. मग कंट्रोल-शिफ्ट-८ पुन्हा एकदा, नाहीतर उद्या फोन येईल की पानभर ठिपके कसले पडलेत.