घरच्या कुत्र्या-मांजरांचे नेहमीचे आजार कसे ओळखावेत आणि घरात कोणती औषधे ठेवावीत?

आपल्या घरी एक कुत्रा आणि एक बोका आहे, त्यांचे नेहमीचे आजार कसे ओळखायचे आणि औषधांच्या डब्यात काय ठेवायचे, असे आपण विचारले आहे. मी पशुवैद्य नाही. परंतु बरीच वर्षे दोन्ही प्राणी सांभाळत आल्यामुळे, औषधांच्या आधी घरात थर्मामीटर आणि वजनकाटा हवा, असे माझे ठाम मत झाले आहे. मांजर तर आपले दुखणे लपवतेच. म्हणून प्राणी धडधाकट असताना किती खातो, किती पाणी पितो आणि किती वेळा लघवी करतो हे ज्याने नीट पाहिलेले असते, त्याच्या लक्षात बिघाड लवकर येतो.

कुत्र्याचे गुदद्वारातून मोजलेले तापमान साधारणपणे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते आणि मांजराचेही जवळपास तेवढेच. त्यामुळे आपल्या हाताला अंग गरम लागले किंवा नाक कोरडे दिसले, एवढ्यावरून ताप ठरवू नये. गाढ झोपेत श्वास मिनिटाला ३० पेक्षा कमी असावेत. हिरड्या गुलाबी असाव्यात आणि बोटाने दाबून सोडल्यावर त्यांचा रंग दोन सेकंदांच्या आत परत यावा. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या बाबतीत खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. तिथे पांढुरके, निळसर किंवा पिवळे दिसले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

आपल्याकडे बोका आहे, म्हणून एक गोष्ट विस्ताराने सांगते. बोका वारंवार वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग सारखा चाटतो आणि ट्रे मात्र कोरडाच राहतो, हे पाहून पुष्कळ लोक त्याला बद्धकोष्ठ झाले असे समजतात व रेचक देतात. वास्तविक बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे तो खड्यांनी किंवा चिकट गाळाने बंद होऊ शकतो. तसे झाल्यास रक्तात पोटॅशियम साठत जाते, हृदयाची गती बिघडते आणि एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी त्याचे पोट दाबून पाहू नये आणि सकाळची वाटही पाहू नये. त्याच रात्री पशुवैद्याकडे न्यावे. मांजराने पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तरी दुर्लक्ष करू नये, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते.

कुत्र्याला एखाद-दोन जुलाब झाले पण तो तरतरीत आहे आणि पाणी पोटात ठरते आहे, तर दिवसभर थोडा थोडा शिजवलेला, बिनतेलाचा, बिनमिठाचा आहार देऊन पाहण्यास हरकत नाही. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होत असतील, तर पार्व्होची (आतड्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची) शंका घेऊन तातडीने हालचाल करावी. मोठ्या कुत्र्याचे पोट फुगले असून तो ओकाऱ्या काढतो आहे पण बाहेर काहीच पडत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

त्वचेच्या तक्रारी त्या मानाने सोप्या. केसांतले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवल्यास तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे अंगावर पिसवा आहेत असे समजावे. प्राण्याइतकेच त्याचे अंथरूणही स्वच्छ करावे लागते, कारण अंडी तिथेच पडतात. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, तिच्यावर तेल ओतू नये. कानाला दुर्गंधी येत असेल, तर आत कापसाची काडी घालू नये आणि जुने थेंबही टाकू नयेत, कारण पडदा शाबूत आहे की नाही हे तपासल्यावरच औषध ठरते.

डब्यात माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मुळीच नकोत. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते, आयब्युप्रोफेनने कुत्र्याचे जठर आणि मूत्रपिंडे खराब होतात, आणि कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन असलेले पिसवांचे औषध मांजराला लावल्यास त्याला झटके येतात. सलाईनचे पाणी, स्वच्छ गॉज, बँडेज, चिमटा, थर्मामीटर, पशुवैद्याने त्या-त्या प्राण्याच्या वजनानुसार लिहून दिलेले जंतांचे औषध, लसीकरणाची वही आणि रात्री उपलब्ध असणाऱ्या दवाखान्याचा फोन क्रमांक एवढे ठेवावे.