डीएमएलटी की जनुकांचा गणिती अभ्यास?

नमस्कार ताई,

तुमची मुलगी सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुजरातमधल्या जांबूर गावच्या, आफ्रिकी मुळाच्या सिद्दी समाजाबद्दल वाचल्यापासून तिला जनुकांवरून मिश्र वंश शोधण्याचं काम करायचंय. घरच्यांचं म्हणणं, डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) कर, दांडिया बाजारात लॅब टाकता येईल. यात पोट भरतं का आणि वडोदऱ्यात बसून सुरुवात कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. सुरुवातीचं आधी सांगतो, कारण बाकीचं त्यावर ठरेल.

हे काम पांढऱ्या कोटातलं कमी आणि स्क्रीनसमोरचं जास्त. लाळेतून डीएनए काढून चिपवर लाखो एसएनपी, म्हणजे माणसामाणसांत एका अक्षराने वेगळ्या असणाऱ्या जागा, वाचून घेणं लवकर उरकतं. वेळ खाते ती पुढची आकडेमोड. ती झेपते का, हे घरीच तपासता येतं.

१००० जीनोम प्रकल्पाने वाचलेल्या जगभरच्या माणसांच्या डीएनएची माहिती (२६ गट, २,५०४ माणसं) फुकट उतरवता येते. तिने फक्त २२ वं गुणसूत्र घ्यावं आणि तीन गट: नायजेरियातले योरुबा १०८, युटामधले युरोपीय वंशाचे ९९, अमेरिकेच्या नैर्ऋत्येचे आफ्रिकी-अमेरिकी ६१. ८ जीबीचा लॅपटॉप पुरतो; विंडोज असेल तर त्यात लिनक्स बसवून घ्यावं. प्लिंक या प्रोग्राममध्ये ५ टक्क्यांहून विरळ खुणा (म्हणजे एसएनपी) गाळायच्या, मग ५० खुणांची खिडकी १०-१० ने सरकवत, आर-वर्ग (दोन खुणा किती जोडीने येतात याचं माप) ०.१ वर ठेवून, छाटणी करायची. ही छाटणी हमखास राहून जाते. शेजारच्या खुणा वारशाने एकत्रच येतात. त्या तशाच ठेवल्या तर एकाच साक्षीदाराची साक्ष चाळीस वेळा नोंदल्यासारखं होतं. नंतर अ‍ॅडमिक्श्चर हा प्रोग्राम के = २ वर, म्हणजे दोन पूर्वज-गट धरून, चालवायचा. त्याच्या उत्तरावरून प्रत्येक माणसाची एक पट्टी काढतात, प्रत्येक गटाचा वाटा वेगळ्या रंगात. आफ्रिकी-अमेरिकींच्या पट्ट्या दोन रंगांच्या येतील, बहुतेकांत आफ्रिकी वाटा मोठा. पट्ट्या भलत्याच आल्या तर आधी फाइलमधला नमुन्यांचा क्रम तपासावा. चूक बऱ्याचदा तिथेच असते.

खरी गंमत पुढे आहे. त्यात ह्यूस्टनमधले १०३ गुजराती घालून के = ३ करायचं. त्यांचा बहुतांशी वेगळाच रंग येईल. म्हणजे ते अमिश्र? मुळीच नाही. भारतातले बहुतेक गट दोन जुन्या स्रोतांच्या मिश्रणातून आले, हे २००९ च्या अभ्यासात दिसलं. पण पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं झाली की गटाची स्वतःची छाप पडते आणि प्रोग्राम त्या छापेलाच रंग देतो. म्हणून एफ-३ चाचणी लावतात: एक गट दुसऱ्या दोन गटांच्या मिश्रणातून आला का, हे ती तपासते. उत्तर ठळकपणे उणे आलं तर मिश्रण पक्कं. अधिक आलं तर मात्र मिश्रण नाही असं म्हणता येत नाही, कारण तीच छाप ते झाकते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे 'शुद्ध वंशा'चे तक्ते इथेच घसरतात. आणि हो, हौसेने नातेवाइकांची लाळ गोळा करू नये: संशोधनासाठी लेखी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी लागते.

आता पोटापाण्याचं. बायोटेक किंवा जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. (जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा देऊन), मग नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा. जेआरएफला सध्या महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. हैदराबादचं सीसीएमबी, कल्याणीचं एनआयबीएमजी, लखनौचं बीरबल साहनी संस्थान या संशोधन संस्था या कामाची घरं. कायमच्या जागा थोड्या आहेत, पीएच.डी. धरून सात-आठ वर्षं तरी स्थिरता नाही, हे तिच्या वडिलांना आजच सांगा. मात्र हीच आकडेमोड रुग्णालयांच्या जनुक-तपासणीत आणि बायोइन्फर्मेटिक्स कंपन्यांत चालते. डीएमएलटी वाईट नाही, पण त्या वाटेने इथे पोचता येत नाही.

दोन महिने द्या. या काळात संख्याशास्त्र विभागाचे तास ऐकता आले तर उत्तम. पहिल्याच एरर मेसेजला लॅपटॉप मिटून ठेवला, तर डीएमएलटीचा अर्ज जूनमध्येही भरता येईल.